फुकटाची पावती

"पावती कुठाय?" नियमकाकांनी चष्म्यावरून बघत विचारलं.

"कसली पावती? पुस्तक फुकट आहे!" संख्याशास्त्राच्या मॅडम कडाडल्या.

नियमकाका म्हणजे कॉलेजचे हेडक्लार्क. प्राचार्यांनी यंदा नवी टूम काढली होती. ज्या विषयाचं पुस्तक फुकट किंवा स्वस्त, त्याच्यापुढे फलकावर हिरवा ठिपका. ज्याचं महाग, त्याच्यापुढे लाल. मॅडमना ही टूम मनापासून पटली होती. गेल्या वर्षी एक हुशार मुलगी पुस्तक परवडेना म्हणून त्यांचा विषय सोडून गेली, तेव्हापासून सगळ्या सुट्ट्या मोडून त्यांनी स्वतःच पुस्तक लिहिलं आणि कॉलेजच्या वेबसाइटवर फुकट ठेवलं. शिवाय यंदा वर्ग भरला नाही तर विषयच बंद, अशी तंबीही मिळाली होती.

"किमतीचा पुरावा म्हणजे पावती," नियमकाका शांतपणे म्हणाले. "पावती नाही, तर ठिपका नाही."

"अहो, फुकट वस्तूची पावती कोण देतं?"

"ते तुम्ही बघा. मी नियम करत नाही, पाळतो."

मॅडम घरी पोचल्या त्या तणतणतच. नवऱ्याने नको तेव्हा डोकं चालवलं. "त्यात काय एवढं? एक प्रत छापून घे. दुकानदार पावती देईल, काका गप्प बसतील."

कॉलेजसमोरच्या छपाईवाल्याला मॅडमबद्दल फार आदर. त्याने जाड गुळगुळीत कागद वापरला, सगळे आलेख रंगीत काढले, वर कापडी बांधणी केली. "तुमचं पुस्तक साध्या कागदावर छापायचं? शोभतं का ते?" बिल बाजारातल्या कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त झालं. तरी त्यांनी ते नियमकाकांपुढे टाकलं आणि बजावून सांगितलं, "हा छपाईचा खर्च आहे. पुस्तक फुकटच आहे!"

"आता कसं नियमात आलं," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फलकावर संख्याशास्त्रापुढे लालभडक ठिपका होता, तोही अख्ख्या कॉलेजात एकुलता एक. मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तडक प्राचार्यांकडे गेल्या. प्राचार्य म्हणाले, "समितीपुढे ठेवू." समितीची बैठक नोंदणी संपल्यानंतर होती.

नोंदणीच्या दिवशी मॅडम रिकाम्या वर्गाची तयारी करून आल्या. दारात बघतात तर ही झुंबड! एक वडील मुलीला हाताला धरून पुढे घुसत होते.

"इथे कसे काय?" मॅडमनी विचारलं.

"लाल ठिपका बघून आलो. बाकी सगळं फुकटातलं दिसतंय. एवढं महाग पुस्तक आहे म्हणजे विषयात दम असणार!"

"अहो, पण हे पुस्तकही फुकट आहे!"

वडिलांचा चेहरा पडला. "फुकट? मग राहू दे. चल गं." त्यांच्यामागे रांगेतली आणखी दोघं वळली. मॅडमचा संताप अनावर झाला. ज्या फुकटपणासाठी जिवाचं रान केलं, त्यालाच ही माणसं नाक मुरडत होती.

तेवढ्यात नियमकाका धापा टाकत आले. हातात हिरवा ठिपका होता. "मॅडम, चूक झाली. प्राचार्य म्हणाले, समिती राहू दे, आत्ताच बदला."

मॅडम फलकाला पाठ लावून उभ्या राहिल्या. "नोंदणी संपेपर्यंत त्या लाल ठिपक्याला बोट जरी लावलंत तर याद राखा!"

पहिल्या तासाला वर्ग खच्चून भरला होता. मॅडमनी आधी दार लावलं, कडी नीट बसली का ते पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "पुस्तक फुकट आहे. फक्त घरी कुणी बोलू नका."