भागाकारातला जावई

सीताने चोवीस लाडू केले. ते सहा पाहुण्यांना सारखे वाटले. तर प्रत्येकाला किती लाडू मिळाले?

तिसरीच्या माझ्या वर्गाला मी हे गणित घरी करायला दिलं होतं. सगळ्यांनी 'चार' लिहून आणलं. अन्वीच्या वहीत मात्र असं होतं: जावई सात, व्याही पाच, विहीणबाई पाच, मामा चार, बारकं पोरगं दोन आणि शुगरवाले काका एक.

मी लाल फुली मारली. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत अन्वीचे आजोबा फाटकात हजर. हे शामरावतात्या. डोक्याला पांढरी टोपी, पायात करकर वाजणारं पायताण, आणि आवाज असा की सांगितलेलं गुपित कळंब्याच्या तळ्यापर्यंत जावं.

"बाई, बेरीज करून बघा. चोवीसच भरत्यात."

मी म्हटलं, बेरीज बरोबर आहे, पण गणितात 'सारखे' म्हटलंय.

"तिथंच तर चुकलंय की. जावयाला आणि मामाला एकाच मापानं वाढलं, तर उद्या त्या सीताच्या दारात कोण पाणी तरी पिईल काय?"

भागाकार शिकवायच्या बऱ्याच पद्धती मी डी. एड.ला शिकले होते. एकीतही जावई नव्हता.

तात्यांची सगळी हयात लग्नं जमवण्यात गेली होती. गगनबावड्यापासून गडहिंग्लजपर्यंत कुठल्या घरात मुलगी लग्नाची झाली, कुठल्या मुलाची नोकरी पक्की, कुणाच्या काकानं बांधावरून भांडण काढलंय, हे त्यांना तोंडपाठ. 'आधी चौकशी, मग पुढचं' हे त्यांचं पालुपद. आता पोरं मोबाइलवरच एकमेकांना बघतात, त्यामुळे तात्यांच्या दाराकडे कुणी फिरकत नाही. मग त्यांनी गणितातल्या माणसांची चौकशी सुरू केली. नातीचा अभ्यास घ्यायचं काम घरात त्यांच्याकडेच होतं.

एकदा मी साधं गणित घातलं. राजूचं वय पंचवीस, मीना त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, तर मीनाचं वय किती? अन्वीचं उत्तर आलं, 'मीनाचे वय २९. स्थळ जमत नाही.' पहिल्या वाक्याला मी बरोबरची खूण केली आणि दुसऱ्या वाक्यासमोर बराच वेळ पेन धरून बसले.

झाडावरच्या पक्ष्यांचं गणित तर पुरं झालंच नाही. पंधरा पक्षी बसले होते, सहा उडाले, किती उरले, एवढंच. तात्यांचं म्हणणं असं, की सहा उडाल्यावर बाकीचे बसून राहतात हे आधी बघायला पाहिजे. नातीला घेऊन ते तळ्यावर गेले. झाडावर बगळे होते. तात्यांनी टाळी वाजवली, सगळे उडाले. दोघं अंधार पडेपर्यंत काठावर बसली. गणिताखाली तात्यांनी स्वतःच्या हातानं शेरा मारला: 'पक्षी परत आले नाहीत. चौकशी चालू आहे.' खाली सही.

शेवटी मी त्यांनाच वर्गात बोलावलं. पालकांनी महिन्यातून एकदा येऊन काहीतरी शिकवावं, असा आमच्या शाळेत उपक्रम आहे. त्या दिवशी विषय होता शतक, दशक, एकक. मुलं अंक गळ्यात अडकवून उभी राहणार आणि संख्या तयार होणार. संख्या होती एकशे पाच. एक झाला, पाच झाला, पण शून्य व्हायला कुणी तयार होईना. ज्याच्या गळ्यात शून्य घातलं, तो शर्विल रडायला लागला. तात्या उठले, शून्य स्वतःच्या गळ्यात घातलं आणि दोघांच्या मधे जाऊन उभे राहिले.

"आता मी बाजूला झालो तर काय ऱ्हाईल?" त्यांनी विचारलं.

"पंधरा," वर्ग ओरडला.

"मग? एकशे पाचाचं घर माझ्यामुळं टिकलंय."

मुलांना हे इतकं पटलं, की पुढच्या संख्येला शून्य व्हायला भांडणं लागली. तात्या काही जागा सोडेनात. तास संपेपर्यंत ते तिथंच उभे राहिले आणि डावीकडच्या एकला नि उजवीकडच्या पाचला तुमचं गाव कुठलं, मामाचं गाव कुठलं, असं विचारत राहिले. घंटा झाली तेव्हा एक आणि पाच आईच्या माहेराकडून एकमेकांचे पावणे निघाले होते.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण माझ्या ध्यानात एक गोष्ट यायला लागली. अन्वी वर्गात फळ्यावर एकही गणित चुकत नव्हती. हातचा कुठं घ्यायचा हे तर ती इतरांना समजावून सांगायची. घरून आणलेला अभ्यास मात्र कायम अर्धवट नाहीतर चुकलेला. मला वाटलं, तात्यांच्या चौकश्यांनी पोरीचं नुकसान होतंय. आता त्यांना सांगायलाच हवं, की अभ्यास घेऊ नका, तिच्या आईला घेऊ द्या. मुख्याध्यापकांनाही ते पटलं.

तात्यांशी बोलण्याआधी मी अन्वीला मधल्या सुट्टीत जवळ बोलावलं आणि विचारलं, वर्गात येतं ते घरी का येत नाही?

ती डब्याचं झाकण उघडझाप करत उभी राहिली. मग म्हणाली, "मला येतंय, बाई. घरी येत न्हाय म्हणून सांगतो."

"का गं?"

"येतंय म्हटलं की तात्या उठून आत जातात. आजी गेली तवापासून ते कुणाशी बोलतच नव्हते. पप्पांशी पण न्हाय. गणिताला बसलं की लई बोलतात." डब्याचं झाकण लावून तिनं विचारलं, "तुम्ही सांगणार न्हाय न्हवं त्यांना?"

मी नाही म्हटलं. ती डबा खायला पळाली.

शाळा सुटली तेव्हा तात्या नेहमीप्रमाणे फाटकात होते. माझ्याकडे बघून त्यांनी टोपी सारखी केली. मी काहीतरी बोलणार आहे, हे त्यांच्या कानावर आलं असावं. एरवीचा तो आवाज आज कुठंतरी आत गेला होता.

"आमच्यामुळं पोरगी मागं पडत असंल, तर तसं सांगा, बाई," ते म्हणाले. "मी न्हाय बसत मग."

अन्वी त्यांचं बोट धरून माझ्याकडे टक लावून बघत होती. शिक्षिका झाल्यापासून एखाद्या हुशार मुलीची मी पालकांजवळ अशी बदनामी कधी केली नव्हती.

मी म्हटलं, "तात्या, भागाकारात पोरगी फार कच्ची आहे. वजाबाकीतसुद्धा. तुम्ही रोज घेऊन बसल्याशिवाय काही खरं नाही."

तात्यांनी नातीकडे बघितलं. तिनं मान खाली घातली. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की जणू मी ती पहिली आली असं सांगितलं होतं.

"कच्ची हाय व्हय," ते म्हणाले. "बरं झालं सांगितलासा."

आणि तिचं दप्तर स्वतःच्या खांद्याला अडकवून ते भराभरा घराकडे निघाले.