‘कुठं’ न विचारणारे किसनतात्या

आमच्या फाट्यावर एसटीत चढायचं असेल तर कंडक्टरनं तोंड उघडायच्या आत गावाचं नाव ओरडावं लागतं. "बारामती एक!" "भवानीनगर दोन!" कंडक्टर नवा असला तर दचकतो. जुने हसतात आणि मुकाट्यानं तिकीट फाडतात. हे वळण गावाला लावलं किसनतात्यांनी. कारण कंडक्टर विचारणार, "हां, कुठं?" आणि निघालेल्या माणसाला ‘कुठं’ विचारलं की त्याचं काम मोडतं.

पुष्कळांच्या घरात हे असतं. जाणाऱ्याला ‘कुठं’ म्हणू नये, ‘लांब का?’ असं विचारावं. बाकीच्यांच्या घरात ती म्हाताऱ्या माणसांची सवय असते, तात्यांनी मात्र ते पूर्ण वेळचं काम करून घेतलं होतं. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून ते रोज फाट्यावरच्या सिमेंटच्या बाकावर बसतात. शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेला तांब्या, मांडीवर काळी छत्री. समोर हमरस्ता, डावीकडे बारामती, उजवीकडे इंदापूर. गावातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न: "लांब?"

"न्हाय तात्या, हितंच," म्हणून माणूस पुढं जातो. हितंच म्हणजे काटेवाडीही असू शकते आणि कोल्हापूरही. तात्यांची हरकत नसते.

पण चुकून कुणी तिसऱ्यानं "काय, कुठं दौरा?" म्हटलं, की तात्या उठलेच. "झालं! मोडलं का काम? उतर. बस. घोटभर पाणी पी आन नव्यानं निघ." एकदा पोरगी बघायला कऱ्हाटीला निघालेली अख्खी जीप त्यांनी खाली उतरवली, एकेकाला पाणी पाजलं आणि मग सोडली. तरी पोरीनं नकार दिला. नवरदेवाचे मामा भांडायला आले तर तात्या शांतपणे म्हणाले, "डायव्हर उतरला न्हवता."

मी चळवळीतली. पत्रकं लिहिते, वाटते, सभेत प्रश्न विचारते, आणि अंधश्रद्धा दिसली की मला बोलल्याशिवाय राहवत नाही. त्यामुळे तात्यांचं आणि माझं लहानपणापासून वाजलेलं. ते मला ‘पत्रक’ म्हणतात. "काय गं पत्रक, लांब?"

"इंदापूरला, तहसीलला, निवेदन द्यायला," मी मुद्दाम सगळं सांगायची.

"म्या इचारलं का?" तात्या कानावर हात ठेवायचे. "लांब का, एवढंच इचारलं. उगं समदं सांगत बसायचं न्हाय."

मग फाट्यावर कॅमेरा आला.

विहिरींवरच्या मोटारी चोरीला जात होत्या, हे खरं. केबली कापून न्यायचे, हेही खरं. म्हणून सरपंचांनी कुठल्याशा कंपनीकडून एक पांढरा खांब आणून तात्यांच्या बाकापासून चार पावलांवर, ऐन रस्त्याच्या कडेला उभा केला. वर डोळे वटारलेली पेटी. ती गाडीचा नंबर आपोआप वाचते, चेहरा ओळखते, आणि कोण कुठल्या दिशेला गेलं त्याचा फोटोसकट मेसेज ‘सुरक्षा समिती’च्या ग्रुपवर टाकते. ठराव झाला? नाही. लोकांना विचारलं? नाही. ही माहिती कोण साठवतं, किती दिवस ठेवतं? सरपंचांनाही ठाऊक नाही. ग्रुपमध्ये कोण? सगळे पुरुष, त्यातले निम्मे एकमेकांचे मेहुणे. चोर सापडला? तोही नाही. चोर उसातून चालत येतो हो, नंबरप्लेट लावून येत नाही!

ग्रामसभेत या खांबाचा निकाल लागणार होता. कॅमेरा कायमचा करून वस्तीवस्तीवर आणखी लावायचे, की उतरवायचा. मी रात्रंदिवस एक करून पत्रक काढलं, ‘नजरकैदेत गाव’. त्यात लिहिलं, तुम्ही कुठे जाता, कुठे थांबता, कुठून परतता, हे जाणून घेण्याचा अधिकार यंत्राला कुणी दिला? गावानं पत्रक घेतलं. संध्याकाळी त्यातच भेळ बांधून मिळाली.

तात्यांनी तर हातात धरलं आणि चटका बसल्यासारखं परत केलं. "सकाळच्या पारी निस्तं कुठं, कुठं, कुठं! माणसं कामाला निघाल्यात आन तू असलं वाटतीस?"

"तात्या, अहो तेच तर तो कॅमेरा करतोय! दिवसभर प्रत्येकाची नोंद. कुठं गेला, कुठं गेली..."

तात्यांनी हळूच मान वर करून पेटीकडं पाहिलं. इतके दिवस ते तिला विजेचा काहीतरी डबा समजत होते.

"म्हंजी हे... न बोलता इचारतंय?"

"प्रत्येकाला."

"कुठं म्हणून?"

"हो!"

तात्यांनी छत्री उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर गाड्यांची रांग. दुधाचा टेंपो, उसाचा ट्रॅक्टर, मास्तरांची मोटरसायकल. खांबापुढून गाडी गेली की तात्या आडवे. "त्यानं इचारलं तुला. मोडलं काम. मागं घे, उतर, पाणी पी." माणसं हसली, कुरकुरली, पण उतरली. कुणाचा दाखला अडकलेला, कुणाच्या गाईचं खरेदीचं बोलणं. विषाची परीक्षा कोण घेणार? दुधाच्या टेंपोवाल्यानं शंका काढली, "पर तात्या, आता परत त्याच्याच पुढनं जायचं. म्हंजी परत इचारणार की!"

तात्यांनी त्याचाही बंदोबस्त केलेला. एक लांबलचक ऊस, त्याच्या टोकाला उघडलेली छत्री. गाडी दुसऱ्यांदा निघाली की ते बाकावर उभे राहून छत्री पेटीच्या तोंडावर धरायचे. "जा आता. झाकलंय त्वांड."

मला संताप आला. एका बाजूला खासगीपणाचा हक्क, दुसऱ्या बाजूला हा शकुन-अपशकुनाचा बाजार! मी सरळ म्हटलं, "तात्या, तुम्ही माझी चळवळ बुडवताय."

"तू कागदं वाट. मी पाणी वाटतो."

आठवडाभरात यंत्र पार भंजाळलं. त्याच्या मते माणसं सकाळी जायची आणि लगेच परत यायची, आणि संध्याकाळी घरातूनच पुन्हा घरी यायची. ग्रुपवर मेसेजांचा पाऊस. सरपंच कपाळाला हात लावून म्हणाले, "ह्याच्या हिशेबानं निम्मं गाव बाहेर पडलंच न्हाय आन निम्मं दोनदा घरी आलंय." माझ्या पत्रकानं जे झालं नाही ते एका तांब्यानं केलं होतं. हे मला त्या वेळी कबूल करवलं नाही. आज करते.

पण कॅमेरा लागला तेव्हापासून तात्या छत्री घेऊन उभे राहीपर्यंत मधे काही दिवस गेले होते. त्यात एक गुरुवार होता.

गुरुवार बारामतीच्या बाजाराचा. दर गुरुवारी माझी आई स्कुटीला पिशवी अडकवून बाजाराला जाते आणि कारली घेऊन येते. दर गुरुवारी कारली. मला आवडत नाहीत, वडिलांना आवडत नाहीत, आईलाही आवडत नाहीत. विचारलं तर म्हणायची, "ताजी दिसली."

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी आईनं मला गोठ्यामागं बोलावलं. समितीतल्या एकानं तिला रस्त्यात हसत विचारलं होतं, "वहिनी, गुरुवारचा बाजार आता इंदापूरकडं भरतो व्हय?"

मग तिनं सांगितलं. माझी आत्या, वडिलांची सख्खी बहीण, इंदापूरकडं एकटी राहते. तिनं जमिनीतला वाटा मागितला, भावांनी तिचं नाव टाकलं. आमच्या घरात तिचा विषयही निघत नाही. आई दर गुरुवारी तिच्याकडं जाते. दोघी जेवतात, आई तिच्या केसांना तेल लावून देते आणि परत येते.

"आणि बाजार?"

"तात्या."

फाट्यावर बसणाऱ्या माणसाला दिसत होतंच, की बाजाराची पिशवी डावीकडं न जाता उजवीकडं जातेय. त्यांनी कधी एका शब्दानं विचारलं नाही. एका गुरुवारी मात्र आई परतताना तिला थांबवलं आणि म्हणाले, "सूनबाई, मोकळी पिशवी घिऊन घरी जाऊ नी." टेंपोवाल्याकडून बारामतीहून भाजी मागवून ठेवली होती. त्यांना स्वतःला कारली आवडतात. तेव्हापासून कारली.

वर्षानुवर्षं! मी ज्याला गावातला सगळ्यात भोचक माणूस समजत होते, त्याच्या पोटात अख्ख्या गावाच्या वाटा होत्या आणि त्यातली एकही बाहेर आली नव्हती.

"उद्या सभेत कुणी तो फोटो काढला," आई म्हणाली, "तर तुज्या बाबांचं डोकं फिरंल आन माझं जाणं बंद हुईल. त्या बाईला दुसरं कोण हाय गं?"

ग्रामसभेला शाळेच्या भिंतीवर पडदा लावला होता. मी सात मुद्द्यांचं भाषण आणलं होतं. वडील पुढच्या रांगेत, आई बायकांत, तात्या दाराशी तांब्या घेऊन.

सरपंच माणूस वाईट नाही. त्यांना खरंच मोटारी वाचवायच्या होत्या. कॅमेरा किती स्वच्छ बघतो ते दाखवायला त्यांनी हाताला लागला तो फोटो पडद्यावर टाकला. "आता ही गाडी बघा. गुरुवार हाय. समदं गाव बारामतीला, ही निघाली इंदापूरकडं. नंबर बी वाचता येतोय. कुठं, कवा, समदं कळतंय."

आमची स्कुटी. वडिलांनी नंबर वाचला आणि मान वळवून आईकडं बघितलं. मी उठले. सातपैकी एकही मुद्दा आठवेना.

"ती माझ्या औषधाला गेलती," दारातून आवाज आला.

सगळे वळले. तात्या उभे होते.

"इंदापूरला?" सरपंच म्हणाले.

"तितला वैद्य गुणाचा हाय."

"दर गुरुवारी, तात्या?" समितीतला तो हसणारा मधेच बोलला.

"म्हातारा माणूस हाय मी. आठवड्याला येक नवा आजार व्हतोय. दावू का उठून काय काय हाय ते?"

सभा खो खो हसली. हशा ओसरला तरी तात्या बसले नाहीत. एवढ्या माणसांपुढं ते कधी बोलले नव्हते. तांब्या या हातातून त्या हातात करत होते.

"सरपंच, मी हितं किती वर्सं बसतोय? कोण डावीकडं गेलं, कोण उजवीकडं, मला दिसतं. कुणाला येकदा तरी कुठं म्हणलोय? लांब का म्हणलं की माणूस ‘हितंच’ म्हणून सुटतोय. आपली चवकशी बी झाली, त्याचं त्याच्यापाशी ऱ्हायलं. कुठं इचारलं की त्याला सांगावं लागतं. सांगण्याजोगं नसलं तर खोटं बोलावं लागतं. निघालेल्या माणसाला खोटं बोलाया लावू नी. त्याचा पाय जड हुतो." मग पडद्याकडं बोट करून म्हणाले, "हे तर खोटं बी बोलू देत न्हाय."

सरपंचांनी मत विचारलं, कॅमेरा उतरवायचा का? बायकांच्या बाजूनं पहिला हात वर गेला. मग दुसरा. हळूहळू वडिलांच्या रांगेतूनही हात वर आले. वडिलांचा हात मात्र मांडीवरच होता. थोड्या वेळानं तोही वर गेला.

कॅमेरा उतरला. आता तो पाणीपुरवठ्याच्या विहिरीवर मोटारीकडं तोंड करून असतो. मोटार कुठं जात नाही, तेव्हा दोघांचं बरं चाललंय. वडिलांनी घरी एक शब्द काढला नाही. पण गुरुवारी सकाळी स्कुटीच्या हुकाला भुईमुगाच्या शेंगांची पिशवी लटकलेली दिसू लागली आहे. ती कोण लटकवतं, आई विचारत नाही.

मी तात्यांचे आभार मानायला गेले. शब्द जुळवून गेले होते, पत्रकात असतात तसे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाणी पी."

परवाची गोष्ट. फाट्यावर गेले तर बाक रिकामा. तात्या रस्त्याच्या कडेला उभे. धुतलेलं धोतर, नवी टोपी, हातात कापडी पिशवी. बारामतीला मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. पोरगी पुण्याहून परस्पर दवाखान्यात येणार होती. घरी काकू गेल्यापासून कोणी नाही.

टेंपोवाला बाजूला बिडी ओढत होता. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "दोन गाड्या सोडल्या म्हाताऱ्यानं. चढतंच न्हाय. भ्यालंय वाटतं ऑपरेशनला."

मीही आधी तसंच समजले. मग बघितलं, तात्या गावाच्या रस्त्याकडं बघत होते. एसटीकडं पाठ होती. आणि मला कळलं. इतकी वर्षं गावाला वाटेला लावलं, पण त्यांना निघताना विचारणारं आता कोण होतं? बाकावर बसणारा माणूस आज स्वतःच निघालेला.

तिसरी एसटी थांबली. मी पुढं झाले.

"तात्या, लांब?"

त्यांचा चेहरा असा उजळला, की मला दुसरीकडं बघावं लागलं.

"न्हाय गं पत्रक. हितंच."

आणि चटदिशी चढले. कंडक्टर नवा होता. त्यानं मशीन सावरलं, तात्यांकडं वळला, तोंड उघडलं. मी खालून खिडकीच्या गजांना धरून जीव खाऊन ओरडले, "बारामती एक!"

घंटी वाजली. गाडी हलली तशी मी दोन पावलं बरोबर पळाले.

"आणि तात्या, येताना कारली आणू नका!"

खिडकीतून हात बाहेर आला आणि ‘जा, जा’ असा हलला. गाडी काटेवाडीच्या दिशेला दिसेनाशी झाली. तात्यांनी बाकाखाली ठेवलेल्या तांब्यात मी पाणी भरलं, फडकं ओलं करून गुंडाळलं आणि बाकावर बसले. मास्तर मोटरसायकलवरून येत होते.

"लांब?" मी विचारलं.