सावत्र गुडघा

फोन आला तेव्हा ढगोबा ऑफिसच्या खिडकीतून पाण्याच्या टाकीकडे पाहत होता. पलीकडून काय विचारलं जातंय ते नीट ऐकायच्या आत तो "हो" म्हणून मोकळा झाला. पुढे जे काही झालं ते त्या एका "हो"मुळे.

ढगोबा हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्यात तो हेडक्लार्क होता, आणि हे नाव खात्याने त्याला मनापासून बहाल केलं होतं. समोर बसलेला माणूस नळ कोरडा पडल्याची तक्रार सांगत असताना हा "अस्सं, अस्सं" करत मनाने कुठल्यातरी नदीकाठी पोचलेला असे. तक्रारदार मात्र खूश होऊन जाई, कारण इतक्या शांतपणे त्याचं आजवर कोणी ऐकून घेतलेलं नसे. (पाणी येत नसे ते नसेच.)

फोन इस्पितळाच्या संशोधन विभागातून होता. ते दर वर्षी एका तरुण डॉक्टरला संशोधन शिकायला शिष्यवृत्ती देत. दोन वर्षं पगार चालू, निम्मा वेळ वॉर्डातून सुटका, आणि प्रयोगशाळेत सापडलेली गोष्ट रुग्णाच्या खाटेपर्यंत कशी न्यायची हे शिकवायला जाणते गुरू. निवड समितीत तज्ज्ञ पुष्कळ होते. यातलं काहीच कळत नाही असा एक माणूस मात्र कमी पडत होता.

"रुग्णाचे नातेवाईक म्हणून सिस्टरांनी तुमचं नाव सुचवलं," फोनवरची बाई म्हणाली. "वॉर्डाबाहेरच्या बाकावर तुम्ही खूप दिवस बसायचात ना? त्यांना आठवतं."

ढगोबालाही आठवत होतं. त्या बाकाचा एक पाय आखूड होता. हा उठला की बाक खट्‌ वाजे, आणि आत बायकोला कळे, की स्वारी चहाला निघाली.

तो पुन्हा एकदा "हो" म्हणाला. या वेळी ऐकून.

घरी त्याने ही बातमी शक्य तितक्या सहजपणे ताईला सांगितली. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. बायको गेली तेव्हा ती आठ दिवसांसाठी म्हणून आली होती. ते आठ दिवस अजून संपायचे होते, आणि ते कधी संपतील हा विषय दोघंही काढत नसत.

"म्हणजे तू ढ आहेस म्हणून तुला निवडलं?" ताईने विचारलं.

"ढ नाही गं. सामान्य."

"मग ठीक आहे. सामान्य तर तू पहिल्यापासूनच आहेस."

इथे ढगोबाने एक घोडचूक केली. न कळणारा माणूस म्हणून निवड झाली आहे, तर निदान चांगला न कळणारा माणूस व्हावं, आणि त्यासाठी आधी सगळं समजून घ्यावं, असं त्याने ठरवलं. इस्पितळाने अर्जांचे सोप्या भाषेतले सारांश पाठवले होते. ते घेऊन तो गॅलरीतल्या खुर्चीत बसला. पहिल्या अर्जातच तो अडकला, कारण तो अर्ज गुडघ्यांबद्दल होता.

एका तरुण डॉक्टरणीला गुडघेदुखीवरचं नवं मलम म्हाताऱ्या माणसांवर तपासायचं होतं. निम्म्यांना खरं मलम, निम्म्यांना तसंच दिसणारं, तशाच वासाचं, पण औषध नसलेलं. कोणाच्या वाट्याला काय आलं ते कोणालाच ठाऊक नाही. एवढं वाचून ढगोबाची नजर कागदावरून जी उठली ती समोरच्या दोरीवरच्या चादरीवर जाऊन बसली. चादर वाऱ्याने फुगत होती, बसत होती. पुढचा पानभर मजकूर त्याने वाचला असं त्याला प्रामाणिकपणे वाटलं. (डोळे ओळींवरून फिरले होते, त्याबद्दल वाद नाही.)

"निम्म्यांना खोटं औषध? आणि तरी माणसं तयार होतात?" तो स्वतःशीच म्हणाला. मग त्याच्या मनात आलं, हे एकदा करूनच पाहावं.

आत ताई "आई गं" म्हणत पलंगावरून उठत होती. ताईला दोन गुडघे होते आणि दोन्ही दुखत. निम्मे-निम्मे करण्याची सोय निसर्गानेच करून ठेवली होती.

कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून त्याने दोन सारख्या बाटल्या आणल्या. एकीत ताईचं नेहमीचं, कापराच्या वासाचं गुडघ्याचं तेल ओतलं. दुसरीत स्वयंपाकघरातलं साधं तेल, आणि वासाला कापूर. लाल झाकण उजव्या गुडघ्याचं, निळं झाकण डाव्याचं. लाल म्हणजे खरं. केमिस्टला त्याने हे सगळं मोठ्या अभिमानाने समजावून सांगितलं. केमिस्टने तेवढ्याच आदराने ऐकून घेतलं आणि बाटल्यांचं बिल केलं.

"दोन बाटल्या कशाला रे?" ताईने विचारलं.

"दोन्ही गुडघ्यांचे स्वभाव वेगळे असतात."

"ते मात्र खरं," ताई म्हणाली. "डावा जरा हट्टीच आहे."

मग रोज संध्याकाळी ढगोबा जमिनीवर पाट टाकून बसू लागला आणि ताईचे गुडघे चोळू लागला. खिडकीतून येणारा उजेड हळूहळू भिंतीवर चढे, छताला लागे आणि विरून जाई. ताई लहानपणच्या गोष्टी सांगे. ढगोबा एकदा पुरात वाहून जाता जाता कसा वाचला, ही त्यातली तिची आवडती. (पूर म्हणजे न्हाणीघरातला हौद.) तेल कोमट होई, हात आपोआप फिरत राहत. बायकोच्या पायांना सूज होती तेव्हाही तो असाच बसे. ताईचा आवाज दूर जाई, जवळ येई. मध्येच त्याला वाटे, आपण बाकावरच बसलो आहोत, आणि आता आतून कोणीतरी हाक मारील.

"अरे, तोच गुडघा किती वेळ? सालटं निघतील!" ताई ओरडे, आणि तो परत येई.

थोड्याच दिवसांत नवल घडलं. ताई एके सकाळी जिना चढून आली, धापा न टाकता, डावा पाय पुढे टाकत.

"गुण आला बघ!" ती म्हणाली. "डावा अगदी लोण्यासारखा झालाय. उजवा मात्र होता तसाच, मेला."

ढगोबा बाटल्यांपाशी धावला. डाव्याला साधं तेल होतं. का नव्हतं? तंद्रीत झाकणं बदलली तर नसतील? त्याने दोन्ही बाटल्यांचा वास घेतला. कापूर. परत घेतला. कापूरच. शेवटी बाटल्या घेऊन तो केमिस्टकडे गेला. केमिस्टनेही दोन्ही नाकाला लावल्या, डोळे मिटले, बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "सर्दी झालीये मला."

प्रयोग इतका गुप्त झाला होता, की तो करणाऱ्यालाही त्यातलं काही कळत नव्हतं. इस्पितळातल्या लोकांना हे जमवायला म्हणे फार कष्ट पडतात.

समितीच्या बैठकीच्या आदल्या दिवशी ढगोबा ऑफिसातून आला, तर दारात ताईची बॅग. बॅगेशेजारी ताई.

"केमिस्टकडे गेले होते," ती म्हणाली. "डाव्याचं तेल संपत आलं म्हणून."

ढगोबाने चपला काढल्या.

"तो म्हणतो, डाव्याला तर साधं तेल होतं! घरातलं! मी रोज कणकेला घालते ते!"

"ताई, ते तसं नक्की नाही. उलटंही असेल."

"म्हणजे उजव्याला फसवलंस?"

"दोघांपैकी एकाला."

"का रे? एक गुडघा सख्खा आणि एक सावत्र आहे का माझा?"

"अगं, तो प्रयोग होता. संशोधनात असंच करतात."

"करत असतील. विचारतात की नाही?"

ढगोबाने काढलेल्या चपला परत सरळ करून ठेवल्या.

"विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं," ताई म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता. "मी इथे आले तेव्हाही कोणी विचारलं नव्हतं मला. राहतेस का, म्हणून. मीच राहिले. वाटलं, याला बोलता येत नाही, समजून घेऊ. पण गुडघेसुद्धा न विचारता?" तिने बॅगेची चेन ओढली. "रविवारी मुलाकडे जाते. त्याला फोन केलाय."

ढगोबाला पुष्कळ काही म्हणायचं होतं. तो म्हणाला, "रविवारी गर्दी असते."

"असू दे," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक भरली. खोली तिसऱ्या मजल्यावर. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, आणि भिंतीवर कोणा दाढीवाल्या डॉक्टरचा फोटो. समितीच्या अध्यक्ष एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. उमेदवार येत होते, पडद्यावर आलेख चढत होते, उतरत होते. ढगोबा खिडकीशी बसला होता. खालच्या अंगणात एक माळी पाइपने पाणी घालत होता, आणि पाण्याच्या धारेत उन्हाचा एक लहानसा पट्टा उभा राहिला होता. त्या पट्ट्यापलीकडे ताई बॅग घेऊन चालत होती. लंगडत. उजवा पाय ओढत. मागे वळूनही न पाहता.

"आणि आपलं मत?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"त्यांना विचारलं का?" ढगोबा मोठ्याने म्हणाला.

सगळ्यांनी माना वळवल्या. पडद्यापाशी गुडघ्याच्या मलमाची तरुण डॉक्टरीण उभी होती. लांब वेणी, हातात रिमोट.

"कोणाला?" तिने विचारलं.

"डाव्या गुडघ्यांना."

एका तज्ज्ञाला ठसका लागला. पण ढगोबाला आता मागे फिरायला जागा नव्हती. "म्हणजे, ज्यांना साधं मलम मिळणार त्यांना. तसं मिळू शकेल, हे आधी सांगणार का? आणि शेवटी त्यांचं काय? की ते आपले तसेच..." त्याला पुढचा शब्द सापडेना. "सावत्र राहणार?"

डॉक्टरणीने नम्रपणे मान हलवली. "काका, ते सगळं दुसऱ्या पानावर आहे. प्रत्येकाला बसवून समजावून सांगणार. नको असेल तर नाही म्हणता येईल. आणि मलम उपयोगी ठरलं तर शेवटी सगळ्यांना तेच देणार."

ढगोबाने दुसरं पान उलटलं. सगळं तिथे होतं. ठळक अक्षरांत. खाली रेघसुद्धा मारलेली. (ती रेघ त्यानेच मारली होती, पेन्सिलने, चादर पाहता पाहता.)

"आपण हे वाचलं होतं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"तीनदा," ढगोबाने खरं ते सांगितलं.

त्या मागे रेलल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "बघा," त्या इतरांना म्हणाल्या, "माणूस तीनदा वाचतो आणि तरी कळत नाही. रुग्ण तर एकदाच वाचणार. यासाठीच मला ही खुर्ची भरायची होती. असं नैसर्गिक न कळणं शोधून मिळत नाही."

शिष्यवृत्ती वेणीवाल्या डॉक्टरणीला मिळाली. अट एकच, समजावून सांगायचा मजकूर तिने पुन्हा लिहावा आणि आधी एखाद्या गुडघे दुखणाऱ्या माणसाला वाचून दाखवावा.

"माझ्याकडे एक आहे," ढगोबा म्हणाला. "पण रविवारपर्यंतच."

शनिवारी ती घरी आली. दारातली बॅग ओलांडून आत येत तिने ताईला नमस्कार केला, खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाली, "मावशी, आधी एक सांगते. मी वाचून दाखवते, तुम्ही ऐका. कळलं नाही तर थांबवा. आणि शेवटी तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. कोणी रागावणार नाही."

ताईने ढगोबाकडे असा एक कटाक्ष टाकला, की तो जाऊन दाराला टेकला.

वाचन झालं. ताईने मध्ये मध्ये थांबवलं, दोन वाक्यं बदलायला लावली, एक शब्द कापायला लावला. डॉक्टरीण भराभर लिहून घेत होती.

"मग मावशी? घ्याल भाग?"

ताईने पदर नीट केला, छताकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली. तो शब्द तिने तोंडात घोळवून घोळवून म्हटला. "चालेल ना?"

"चालेल की!"

"छान वाटतं गं म्हणायला. मजकूर नीट करून परत आण. तेव्हा परत विचार मला."

"काम सुरू व्हायला दोन महिने तरी जातील. तुम्ही असाल ना इथे?"

ताईने दारातल्या बॅगेकडे पाहिलं. "बघू," ती म्हणाली. "मुलाला कळवते, की इथे काम निघालंय."

दाराला टेकलेला ढगोबा सरळ उभा राहिला.

"आणि काका? ते येतील का कुठल्या गटात?" डॉक्टरणीने हसत विचारलं.

"त्याला नको घेऊस," ताई म्हणाली. "त्याच्यात औषध काही नाही. पण घरात असला की बरं वाटतं, एवढंच."

ही स्तुती आहे की कसं, याचा विचार करत ढगोबा हळूच बॅग उचलून आतल्या खोलीत गेला. त्याला बोलता येत नव्हतं हे खरं, पण करता येत होतं. त्याने चेन उघडली. ताईचे कपडे एकेक काढून कपाटात, तिच्या नेहमीच्या फळीवर, घडीवर घडी लावू लागला. बाहेर दोघी हसत होत्या. फळी भरत आली होती, आणि बऱ्याच दिवसांनी त्याचं मन हातातल्या कामावरच होतं.

"अरे, काय चाललंय आत?" ताईची हाक आली.

"काही नाही."

"माझ्या बॅगेला हात लावलास?"

"हो."

"कोणाला विचारून?"

ढगोबाने सगळे कपडे पुन्हा बॅगेत भरले, चेन लावली, बॅग होती तिथे दारात आणून ठेवली आणि ताईसमोर उभा राहिला. डॉक्टरीण पाहत होती. त्याने घसा साफ केला.

"ताई," तो म्हणाला, "राहतेस का?"

"विचार करून सांगते," ताई म्हणाली. "तोवर चहा टाक. आणि दुधावर लक्ष ठेव, ढग बघत बसू नकोस."

दूध उतू गेलं.