दोरीवरच्या अठ्ठावीस चिठ्ठ्या

आमच्या घरात काहीही हरवेल, माझी चिठ्ठी हरवणार नाही! हे मी छातीठोकपणे सांगत असे. मी घरबसल्या इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या नोंदी लिहिते. पिल्लू रांगायला लागल्यापासून दिसेल तो कागद खातं, म्हणून मी शक्कल लढवली. कपड्यांच्या दोरीवर, चिमटे लावून, चिठ्ठ्या टांगायच्या! पिल्लू झोपलं की एक अर्थ, एक उदाहरण, एक चिमटा. उठलं की दुकान बंद.

या खेपेला वाट्याला इंग्रजी ‘रन’ आला. दिसायला एवढासा, पण पोटात अर्थ केवढे! धावणे, पळून जाणे, चालवणे... मुळाशी गेले तर जुन्या इंग्रजीत माणसाचं धावणं आणि पाण्याचं वाहणं, दोन्ही त्यातच. अठ्ठावीस अर्थ, अठ्ठावीस चिठ्ठ्या. शुक्रवारी पाचला संपादकबाई स्वतः न्यायला येणार होत्या. आधीच्या दोन नोंदी उशिरा गेलेल्या; ही चुकली की काम दुसरीला!

शुक्रवारी दुपारी मोजल्या. तेवीस!

पिल्लाचं तोंड उघडून पाहिलं. दोन दात आणि एक बटण. बटण काढून घेतलं आणि माझा संशय सासूबाईंवर गेला. सकाळपासून त्या माझ्याकडे गॅसवरच्या दुधाकडे बघावं तशा बघत होत्या. नजर हटली की गेलंच ऊतू!

“आई, दोरीवरचं काही काढलंत का?”

“वाळल्याशिवाय मी कशाला काढू?” मग हळूच, “रविवारी कुठे जाणार आहेस का गं?”

“नाही हो. का?”

“सहज.”

सहज! सासूबाई सहज तर शिंकतसुद्धा नाहीत! इतक्यात नवरा घरी आला. साडेचारलाच! काखेत भिंतीवरचं घड्याळ.

“कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे दुरुस्तीला नेलं होतं,” तो म्हणाला.

“चालू घड्याळ?”

“माणूस कसा आहे ते बघायचं होतं. म्हणजे... काम कसं करतो ते.”

“मग?” सासूबाईंनी विचारलं.

“आई, दुकानात बॅग भरून तयार होती!”

सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. (बॅगेत त्याचा जेवणाचा डबा होता, हे नंतर कळलं.)

दोघं मिळून माझं काम बंद पाडतायत, माझी खात्रीच पटली. “माझ्या चिठ्ठ्या काढा आधी!”

नवऱ्याने खिशातून चार चिठ्ठ्या काढल्या आणि पुरावे मांडावेत तशा टेबलावर लावल्या.

‘ती पहाटे कुणालाही न सांगता पळून गेली.’

‘ही बस फक्त रविवारी धावते.’

‘कोपऱ्यावरचा घड्याळवाला एकटाच दुकान चालवतो.’

‘बाळाचं नाक वाहतंय.’

“नाक वाहतंय हे स्वतःच्या हाताने लिहिलंस,” सासूबाईंचा आवाज फुटला, “आणि तरी निघालीस?”

“मला घड्याळं दुरुस्त करता येत नाहीत,” नवरा खाली बघत म्हणाला, “पण शिकलो असतो.”

मी पोट धरून हसणार होते. त्याचे डोळे पाहिले आणि हसू आवरलं. त्याचा हात धरून दोरीपाशी नेलं, एकेक चिठ्ठी वाचून दाखवली. नदी वाहते, यंत्र चालतं, उमेदवार निवडणुकीला उभा राहतो. ‘उमेदवार’ ऐकून सासूबाई जरा दचकल्या, पण मग निवळल्या.

“आणि पाचवी कुठेय?”

“ती मी वेगळ्या कारणासाठी काढली होती,” म्हणत त्यांनी कमरेची पिशवी उघडली. माझं वाक्य होतं : ‘सून घर चालवते.’ पुढे पेन्सिलीने, बारीक अक्षरात : ‘असं तिला वाटतं.’

तेवढ्यात बेल वाजली. पाच! खोडायलाही वेळ नाही. गठ्ठा तसाच दिला.

संपादकबाई उभ्याउभ्याच वाचू लागल्या. “उदाहरणं बेतलेली वाटतात हो. अशा वाक्यांवर कुणाच्या घरात विश्वास बसेल का?”

नवऱ्याने घाईघाईने घड्याळ पुन्हा भिंतीवर लावायला घेतलं.

शेवटच्या चिठ्ठीपाशी त्या थांबल्या आणि खुदकन हसल्या. “हे मात्र जिवंत आहे! सगळं असं लिहीत जा.”

काम टिकलं. आता पिल्लू झोपलं की सासूबाई उदाहरणं सांगतात.

मी चिमटे लावते.