काशीरामाच्या सोलरला देवाचा कौल

आपल्याला कोणी फसवू शकेल असा माणूस अजून जन्माला यायचा आहे, अशी तारकर्लीच्या काशीराम तांडेलाची पक्की खात्री होती. कल्ले उघडून पाहिल्याशिवाय बांगडासुद्धा न घेणारा माणूस तो! त्यामुळे २००७ सालच्या गणपतीनंतर घरावर पाणी तापवायचा सोलर बसवायचं ठरलं, तेव्हा त्याने छाती फुगवून जाहीर केलं, "कंपनी अशी निवडतंय, आख्खो गाव माका इचारूक येतलो!"

"निवडा, पण दिवाळीच्या आदी निवडा," सुभद्रा, त्याची बायको, म्हणाली. घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला लागल्यापासून तिची पहाट चुलीपुढेच उजाडायची. पाहुणे अंथरुणातूनच ओरडत, "काकू, गरम पाणी!" आणि ही बिचारी धुरात डोळे पुसत फुंकर मारत बसे. "दिवाळीक पुण्याचे पावणे येतत. तवसर छपरार सोलर दिसलो नाय, तर मी चलले देवगडाक भावाकडे. मगे पाणी तुमी तापवा, नायतर पावण्यांका खाडीत बुचकळा!"

बाई खरोखरच थकली होती. काशीरामालाही ते कळत होतं. पण निवड म्हणजे निवड!

पहिला विक्रेता आला कोल्हापूरचा. त्याला जेवायला बसवलं, तर ताटातल्या बांगड्याला हात जोडून म्हणाला, "मी शाकाहारी."

"जो बांगड्याक नाय म्हणता, तो वॉरंटीक हो कसो म्हणात?" असं म्हणून काशीरामाने त्याला निकालात काढला.

दुसरा बेळगावचा. त्याने कालवणाच्या तीन वाट्या ओरपल्या आणि सांगितलं, "आमचा सोलर भर पावसातसुद्धा उकळतं पाणी देतो!" काशीराम गहिवरला.

तिसरा कुडाळचा निलेश. तो सरळच म्हणाला, "काका, ढग आले की पाणी कोमट येणार. आणि दिवाळीआधीचे नग मोजकेच आहेत. आज हो म्हणालात तर तुमचा राखून ठेवतो."

"घाई करता म्हणजे काळोखातलो माल!" काशीराम बायकोच्या कानात कुजबुजला.

"अवो, खरा बोलता तो! त्येकाच हो म्हणा!"

आता नवरा-बायकोचं एकमत होईना. मग काय, देवाला विचारायचं! गावातली जमीन, लग्नं, बोटीचा मुहूर्त सगळं जिथे ठरतं, तिथे सोलर का ठरू नये? परशुराम गुरवाने देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, कुडाळच्या कंपनीवर ह्या लेकरान भरवसो ठेवचो आसात, तर उजवो कौल दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जमलेली मंडळी ओरडली.

उजवी पाकळी टपकन पडली.

"माका आदीच म्हायत होता!" काशीराम म्हणाला.

आणि तिथून त्याचा जो दौरा सुरू झाला! चहाच्या टपरीवर, मच्छीबाजारात, भजनात, मसुऱ्याच्या सोयऱ्यांकडे, जिथे तिथे तोच विषय. कंपनी कशी पारखावी यावर तो तास तास बोले. शेजारच्या लवूकडेही पाहुणे उतरत. त्याने तर लगेच मान डोलावली. "देवान तपासलेली कंपनी! आता आमी काय तपासतलव?"

दिवाळी तोंडावर आली. सुभद्रा रोज छपराकडे बघे आणि मग नवऱ्याकडे. शेवटी एकदा काशीरामाने ऐटीत फोन लावला.

"काका, तुमचे उपकार कसे फेडू!" निलेश म्हणाला. "तारकर्लीतून एवढ्या ऑर्डरी आल्या की गोडाऊन रिकामं झालं. शेवटचा नग काल लवूंकडे बसवला. आता नवीन माल शिमग्यानंतर."

"अरे, पण कौल माका गावलो!"

"हो काका. पण ऑर्डर कुठे दिलीत?"

सगळ्या जगाला सांगितलं होतं, तेवढं कंपनीला सांगायचं राहिलं होतं!

सुभद्राने पिशवी भरली. काशीरामाने अक्षरशः हात जोडले. तेव्हा ती थांबली, पण एका अटीवर. चूल ती पेटवणार नाही. पाहुण्यांचं पाणी काशीरामाने लवूकडून बादलीने आणायचं.

नरकचतुर्दशीच्या सकाळी तो धापा टाकत वाफाळती बादली घेऊन आला. पुण्याचे पाहुणे अंगाला तेल लावून, पंचा गुंडाळून उभेच होते. बादलीत हात घालून ते खूश झाले. "वा! काका, सोलर कुठल्या कंपनीचा? विश्वासू कंपनी शोधायची कशी हो?"

काशीरामाने बादली खाली ठेवली. छाती आपोआप फुगली. "त्येचा काय झाला, पयलो इलो कोल्लापूरचो..."

कोल्हापूर झालं, बेळगाव झालं, कुडाळ झालं. उजवी पाकळी पडली. तोवर अंगावरचं तेल सुकलं होतं. पाहुण्यांनी पुन्हा बादलीत बोट बुडवलं.

"कंपनी विश्वासू आहे, पटलं काका. पण पाणी गार झालं!"

आतून सुभद्राच्या हसण्याचा आवाज आला. काशीरामाने बादली ओतली आणि लवूच्या कुंपणाकडे चालू लागला. वाटेत कोणी काही विचारू नये, एवढंच त्याने देवाकडे मागितलं.