कोरड्या कोंबड्या

सहा कोंबड्या घरी येणार आहेत हे कळल्यावर सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, "खायला की राहायला?"

"राहायला," सून म्हणाली. "सोमवार सकाळपर्यंत. आणि त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही."

सून पशुसंशोधन केंद्रात काम करत होती. तिच्या प्रयोगातला प्रश्न साधा होता. कोंबडीशी रोज थोडा वेळ मायेने वागलं, तर ती माणसाला कमी घाबरते का? त्यासाठी तिने कोंबड्यांचे दोन गट केले होते. 'अ' गटाशी ती रोज गोड बोलायची, त्यांना हातावर दाणे खायला द्यायची. 'ब' गटालाही दाणा, पाणी, ऊब, उजेड सगळं तेवढंच मिळायचं, माणूस मात्र मिळायचा नाही. त्यांचं खाणं पडद्याआडून आत सरकवलं जाई. घरात या गटांना लाडक्या आणि कोरड्या अशी नावं पडली होती. आतापर्यंतच्या सगळ्या चाचण्यांत अनोळखी माणूस दिसला की लाडक्या जवळ यायच्या आणि कोरड्या पलीकडच्या भिंतीला चिकटायच्या. शेवटची चाचणी तेवढी राहिली होती. ती सोमवारी होती, आणि शुक्रवारी दुपारी कोरड्यांच्या खोलीतला पंखा जळाला.

लाडक्यांच्या खोलीत त्यांना हलवणं म्हणजे शेजारणीचे लाड जाळीतून बघायला बसवण्यासारखं झालं असतं. म्हणून केंद्राच्या प्रमुखांची, म्हणजे सरांची, फोनवर परवानगी घेऊन तिने त्या घरी आणल्या.

या परवानगीतच सगळी गोम होती. याच सरांनी तरुणपणी हाच प्रयोग केला होता आणि त्यांचा निष्कर्ष होता की मायेने कोंबडीला काही फरक पडत नाही. त्यांच्या दोन्ही गटांतल्या कोंबड्या माणसाशी अगदी सारख्याच वागल्या होत्या. हे वाक्य पाठ्यपुस्तकात जाऊन बसलं होतं आणि दोन पिढ्यांनी परीक्षेत ते लिहून गुण मिळवले होते. सुनेचं म्हणणं होतं की सर चुकले. तिने ते सरांनाच सांगितलं होतं. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "खोडून काढा. पण नीट खोडा." तेव्हा कोरड्या शेवटपर्यंत कोरड्या राहिल्या, तरच तिचं म्हणणं टिकणार होतं.

जेवणाच्या टेबलावर तिने नियम सांगितले. "बोलायचं नाही. हात लावायचा नाही. डोळ्यांत बघायचं नाही. गाणं नाही, शिट्टी नाही."

"म्हणजे मी या घरात नवी आले तेव्हा माझ्या सासूबाई वागायच्या, तसं," सासूबाई म्हणाल्या.

"अगदी तसं, आई."

"पण ही काही कोणाला घाबरली नाही हो," सासरे वर्तमानपत्राआडून म्हणाले. "तेवढं लिहून ठेव तुझ्या प्रयोगात."

नवरा हसला. "अगं, आपण सगळी शिकलेली माणसं आहोत. सहा कोंबड्यांकडे दुर्लक्ष करायचंय, त्यात काय एवढं?"

कोंबड्यांची सोय मागच्या खोलीत झाली. तिथे कपडे धुण्याचं यंत्र होतं, एक खिडकी स्वयंपाकघरात उघडत होती आणि उरलेल्या जागेत जाळीचं कुंपण बसत होतं. कुंपणावर चादर टाकून सुनेने दार ओढून घेतलं. पेन्सिल कानामागे खोचायची तिची सवय होती. तिथून ती काढून तिने तापमान टिपलं आणि पेन्सिल परत कानामागे गेली. कोरड्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. सगळं कसं शास्त्रशुद्ध होतं.

शनिवारी सकाळी सासरे म्हणाले, "आज कपडे मी धुतो."

सासूबाईंच्या हातातला चमचा थांबला. लग्न झाल्यापासून या माणसाने त्या यंत्राला हात लावलेला नव्हता. शर्ट कपाटात उगवतात अशीच त्यांची समजूत असावी. "तब्येत बरी आहे ना?" त्यांनी विचारलं.

"निवृत्त माणसाने घराला हातभार लावू नये का?"

त्यांनी हातभार लावला. दुपारपर्यंत तोच निळा शर्ट तीनदा धुवून झाला. प्रत्येक वेळी ते यंत्र थांबेपर्यंत आत थांबत, कारण त्यांच्या मते यंत्रावर भरवसा ठेवून चालत नाही. तिसऱ्यांदा बाहेर आले तेव्हा सुनेला त्यांच्या मिशीत काहीतरी दिसलं.

"बाबा, बिस्किट खाल्लंत? डॉक्टरांनी साखर बंद केलीय ना?"

"साबणाचा चुरा आहे तो."

"मिशीत?"

"फार फेस होतो गं त्या यंत्राला," असं म्हणून सासरे चटकन शर्ट वाळत घालायला गेले.

मग नवऱ्याला मागच्या खोलीची गरज लागली. त्याच्या ऑफिसातले मोठे साहेब निवृत्त होणार होते आणि निरोपाचं भाषण त्याच्या गळ्यात पडलं होतं. घरी तो दोनदा खाकरून सुरुवात करी, पण तिसऱ्या वाक्यापुढे त्याचं भाषण कोणी ऐकत नसे. सासरे पेंगत आणि सासूबाईंना त्याच क्षणी गॅसवरचं दूध आठवे.

"तिथे शांतता असते, म्हणून," तो म्हणाला. "मी मनातल्या मनात म्हणेन."

"ओठ न हलवता," सून म्हणाली.

"ओठ न हलवता."

सासूबाईंनी सगळ्यांत सरळ कारण दिलं. मागच्या खोलीत विणकामाला उजेड चांगला येतो. गेली दहा-बारा वर्षं हा उजेड त्यांच्या लक्षात कसा आला नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. स्वयंपाकघरातलं बुटकं स्टूल तेवढं तिकडे गेलं आणि तिकडचंच झालं. संध्याकाळपर्यंत स्वेटरची फक्त दोन बोटं वीण झाली होती आणि तिला बारीक पिसं लागली होती.

"आई, ही पिसं?"

"लोकरच तसली आहे. हलकी दिली दुकानदाराने."

रविवारी सून स्वतः डोळ्यांत तेल घालून पहाऱ्यावर बसली. दुपारी सगळे आडवे झाल्यावर ती निरीक्षणासाठी आत गेली. ती बाहेर आली तेव्हा चहाची वेळ झाली होती आणि तिच्या केसांत वाळलेल्या गवताची काडी होती.

"फार वेळ चाललं निरीक्षण," नवरा म्हणाला.

"शास्त्रात घाई करून चालत नाही," ती म्हणाली आणि काडी काढून टाकली.

तेवढ्यात सरांचा फोन आला. कोंबड्यांना दोनदा हलवलं तर त्या बिथरतील, तेव्हा चाचणी तुमच्याच घरी घेऊ, असं ते म्हणाले. अनोळखी माणूस शोधायचीही गरज नव्हती. त्या कोंबड्यांनी सरांना कधी पाहिलं नव्हतं. सरच जाऊन बसणार होते.

तिने हे सांगितल्यावर तिघांनी एकाच वेळी चहात तोंड घातलं. चौथी तीच होती, आणि तिच्याही कपाला बशीवर टेकायला थोडा वेळ लागला.

सोमवारी सकाळी सर आले. उंच, ताठ, आणि केंद्रातली बसलेली कुत्रीसुद्धा उठून उभी राहावीत असा चेहरा. सुनेने मागच्या खोलीच्या फरशीवर खडूने रेघा आखून ठेवल्या होत्या. कोंबडी कोणत्या रेघेपर्यंत येते हे बघायचं. घरच्यांना तिने स्वयंपाकघरातल्या खिडकीमागे उभं केलं आणि स्वतः घड्याळ घेऊन दारात उभी राहिली. चादर काढली, कुंपणाचं दार उघडलं. कोरड्या कोपऱ्यात होत्या. तिला जरा हायसं वाटलं.

सर खोलीत आले आणि बुटक्या स्टुलावर बसले.

ते बसले मात्र, एक तांबडी कोंबडी कोपऱ्यातून निघाली, सगळ्या रेघा ओलांडून सरळ त्यांच्याकडे आली, मांडीवर चढली, दोनदा गोल फिरून जागा केली आणि बसली. डोकं पंखाखाली घालून ती झोपूनही गेली.

सर मान न हलवता म्हणाले, "ही 'अ' गटातली आहे का?"

"नाही, सर." सुनेने खिडकीकडे पाहिलं. सासूबाई छताकडे बघत होत्या. छतावर काहीही नव्हतं.

"बघू जरा," असं म्हणून सरांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं. ते पत्र्याचं होतं. झाकण टक् करून उघडलं आणि उरलेल्या पाचही जणी पंख पसरून धावत आल्या. दोघी त्यांच्या बुटांवर चढल्या. एक खिशात डोकं घालून बघू लागली.

खिडकीमागे सासूबाई हळूच म्हणाल्या, "तुमच्याकडे तो टक् वाजणारा डबा कुठला आहे हो?"

"कुठला डबा?" सासरे म्हणाले.

"दाखवा खिसा."

"लोकांसमोर काय खिसा दाखवायचा."

"आणि बिस्किटं कोण खात होतं? तुम्ही की त्या?"

"अर्धं अर्धं," सासरे म्हणाले.

आत सरांना बहुधा काहीतरी बोलायचं होतं. ते दोनदा खाकरले. त्याबरोबर मांडीवरची तांबडी जागी होऊन खाली उतरली, सहाही जणींनी त्यांच्यासमोर एक ओळ धरली, पाय पोटाखाली घेऊन त्या बसल्या आणि माना वर करून सरांकडे बघत राहिल्या. कोणी हलेना.

सरांनी ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "इतक्या वर्षांत माझ्या वर्गात असं कोणी बसलेलं नाही."

"भाषणाच्या शेवटी मूठभर दाणे टाकावे लागतात, सर," नवरा खिडकीतून म्हणाला. "आधी मध्येच उठून जायच्या. आता आभारप्रदर्शनापर्यंत थांबतात."

सुनेने घड्याळ खाली ठेवलं. घोडं कुठे पेंड खात होतं ते आता लख्ख दिसत होतं. ती खिडकीकडे वळली. "मी काय सांगितलं होतं? एकाने, निदान एकाने तरी ऐकायचं ना. दोन दिवस गप्प बसायचं होतं फक्त. विज्ञानात शिस्त म्हणून काही असते. मनात आलं म्हणून कोणी जाऊन गोंजारायला लागलं तर..."

"त्या फार एकट्या वाटल्या गं," सासूबाई म्हणाल्या.

"सहा जणी होत्या, आई."

"सहा जणी एकट्या."

सरांनी निकाल टिपण्यासाठी कागद पुढे ओढला आणि खिशातून पेन्सिल काढली.

पेन्सिल दिसताच ओळ मोडली. सहाही कोंबड्या पुढे आल्या, एकेक करून माना खाली घातल्या आणि उजवा कान पुढे करून थांबल्या. पहिलीने डोळेसुद्धा मिटून घेतले.

सरांनी पेन्सिलीकडे पाहिलं आणि मग खिडकीकडे.

"मी पेनने लिहितो," नवरा म्हणाला.

"मी निवृत्त झाल्यापासून लिहितच नाही," सासरे म्हणाले.

सासूबाईंनी विणकामाच्या दोन सुया वर धरून दाखवल्या. मग तिघांनी मिळून सुनेच्या कानाकडे पाहिलं. तिने हात वर नेला, पण उशीर झाला होता. पेन्सिल तिथेच होती आणि तिच्या मागच्या टोकावर चोचीच्या खुणा होत्या.

"एकीच्या मानेत पीस अडकलं होतं," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा बारीक आला. "ते काढायला म्हणून."

"आणि बाकीच्या पाच?" सासऱ्यांनी विचारलं.

"रांगेत उभ्या राहिल्या, बाबा. काय करणार?"

सासूबाईंनी हसू लपवण्यासाठी स्वेटर तोंडावर धरला आणि त्यांना पीस लागून शिंक आली.

सुनेने मान खाली घातली. "सर, चूक माझी आहे. शेवटची चाचणी गेली. मी अहवालात सगळं जसं झालं तसं लिहीन."

"लिहा," सर म्हणाले. "'अ' गट जवळ आला, 'ब' गटही जवळ आला. दोघांत फरक नाही. म्हणजे माझाच निष्कर्ष झाला पुन्हा." त्यांच्या आवाजात आनंद असायला हवा होता, पण तो नव्हता. तांबडी परत त्यांच्या मांडीवर चढली होती आणि बोलता बोलता त्यांची पेन्सिल तिच्या मानेवर फिरत होती.

सून ते बघत राहिली. पेन्सिलीचं बोथट टोक कानाच्या किंचित खाली, पिसांच्या उलट दिशेने, बारीक गोल फिरत होतं. कोंबडीची खालची पापणी हळूहळू वर सरकली आणि डोळा मिटला. सुनेला स्वतःला ती जागा सापडायला रविवारची अर्धी दुपार लागली होती. सर तर तिकडे बघतही नव्हते.

"सर," ती म्हणाली, "तुमच्या प्रयोगातला 'ब' गट कुठे ठेवला होता?"

"केंद्रातच की." पेन्सिल फिरत राहिली. "म्हणजे शेवटी शेवटी वादळात खोलीचे पत्रे उडाले. तेव्हा थोडे दिवस घरी नेला होता."

"घरी कोण कोण होतं?"

पेन्सिल थांबली. तांबडीने एक डोळा उघडून वर पाहिलं.

"आई होती," सर म्हणाले.

सरांनी मांडीवरच्या कोंबडीकडे पाहिलं, पेन्सिलीकडे पाहिलं, आणि त्यांच्या त्या चेहऱ्यावर ओठांच्या एका कोपऱ्यापासून काहीतरी पसरायला लागलं. आधी कोणाला ते ओळखू आलं नाही. सर हसत होते.

"नवा कळप घ्या," ते म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून करा. माझंही खोडा. मीच लिहून देतो, का खोडायचं ते."

"नीट खोडते, सर," सून म्हणाली. तिलाही हसू आवरेना.

सासूबाई आत आल्या. "चहा टाकलाय. आणि हो, तुमच्या त्या नव्या कोरड्या आमच्याकडे पाठवू नका. आमच्याच्याने व्हायचं नाही." त्या जायला निघाल्या आणि दारात थांबल्या. "लाडक्या ठेवायच्या असतील, तर मागची खोली मोकळीच असते."

यावर काहीतरी म्हणायला सर दोनदा खाकरले. तांबडी मांडीवरून उतरली, आणि सहाही कोंबड्या ओळीत बसल्या.