ढगटोक्यावरचं बीळ

बाळांनो, चुळबुळ थांबवा. एका जंगलात एक शिखर होतं. त्याचा भूगोल तुम्हाला पाठ करायचा नाहीये, तेव्हा घाबरू नका.

शिखराचं नाव ढगटोक्या. तीन बाजूंना सरळ कडे, चौथ्या बाजूला त्याहून सरळ. उंची किती? शेजारच्या राजाच्या शिखरापेक्षा एक हात जास्त. शेजाऱ्याने माप वाढवलं की इकडचंही वाढायचं. शिखराला यातलं काहीच माहीत नव्हतं.

अगदी माथ्यावर, एका कपारीत भिवरा घोरपड राहायची. तिच्या पणजीच्या पणजीपासूनचं ते बीळ. आत गारवा, बाहेर ऊन खायला सपाट दगड. भिवराचा त्यावर फार जीव होता.

एके दिवशी दरबारातल्या कोल्ह्याने शिखराचा इतिहास लिहिला. 'या शिखरावर सर्वप्रथम पाऊल ठेवले ते सिंहमहाराजांच्या पणजोबांनी.' पाठोपाठ भिवराला नोटीस आली. सिंहांच्या शिखरावर तुमचं अतिक्रमण आहे, बीळ सोडा.

भिवरा तडक दरबारात गेली.

"कोल्हेभाऊ, पणजोबा दोरीने चढले ना? ती दोरी वर कुणाच्या कमरेला बांधली होती?"

"तुमच्या पणजीच्या."

"म्हणजे ती आधी वर होती!"

"तशी नोंद नाही," कोल्हा कान खाजवत म्हणाला.

भिवराच्या अंगाचा तिळपापड झाला. पण ती तशीच माथ्यावर परतली. महाराजांना शिखरावर स्वतःच्या नावाची पाटी लावायची होती, आणि वर जायचा मार्ग अजूनही तोच होता. घोरपडीच्या कमरेची दोरी.

पाटीचा दिवस आला. भिवरा माथ्यावर दगडाला घट्ट चिकटली. गळ्यात पाटी अडकवून महाराज चढू लागले. त्यांच्या शेपटीला धरून कोल्हा, काखेत वही. निम्मा कडा झाला तशी भिवराने वरून विचारलं, "महाराज, वर आधी कोण होतं हो?"

"आमचे पणजोबा!"

भिवराने एक पंजा सोडला. दोरी हातभर घसरली.

"तुझी पणजी! अगं बाई, तुझीच पणजी! कोल्ह्या, लिही लवकर!"

कोल्ह्याने लटकत लटकत लिहिलं. भिवराच्या डोळ्यांत आनंदाने पाणी आलं. तिने दोघांना अलगद वर घेतलं.

वर पोचताच कोल्ह्याने वही झटकली. "महाराज, घोरपडी इथे आधीपासूनच होत्या. म्हणजे त्या चढल्याच नाहीत. चढणारे पहिले पणजोबाच!"

"आणि हे बीळ?" भिवराने विचारलं.

"इतकं जुनं बीळ म्हणजे ऐतिहासिक वास्तू. त्यात कुणाला राहता येत नाही. भिवराबाई, आत्ताच्या आत्ता रिकामं करा."

भिवराला रडू कोसळलं. मग तिने डोळे पुसले, "बरं" म्हणाली आणि निघाली.

महाराजांनी पाटी लावली. चार पावलं मागे जाऊन ती डोळे भरून पाहिली. मग खाली उतरायला दोरी शोधू लागले.

दोरी भिवराच्या कमरेला होती. भिवरा केव्हाच पायथ्याच्या करवंदीत पोचली होती.

ढगटोक्यावर हल्ली वारा फार गर्जतो, असं नव्या भूगोलात लिहिलंय.

तात्पर्य : सरकारी हुकूम ताबडतोब पाळावा. निघताना दोरी तेवढी बरोबर न्यावी.